हार्ट फेल्युअरचा पेशंट आणि मेडिकलचा काउंटर: फार्मासिस्टने नेमकं काय करायचं?

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवणाऱ्या एका तरुण फार्मासिस्टचा प्रश्न आहे. त्यांच्याकडून हार्ट फेल्युअरचे काही पेशंट दर महिन्याला औषधं नेतात. कार्डिऑलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि त्यांची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदा होते. यातले एक आजोबा थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट झाले, तेव्हापासून ह्या फार्मासिस्टच्या मनात आहे, की चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यापलीकडे आपण काही करू शकलो असतो का? आणि ते करायचा आपल्याला अधिकार आहे का? शिवाय ह्या सगळ्याला वेळ कुठून काढायचा?

करू शकता, आणि अधिकारही आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये औषध देताना पेशंटशी बोलणं ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारीच धरली आहे. औषध कशासाठी, कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कशासोबत चालत नाही, डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं त्यात येतं. डोस बदलणं, औषध बंद करणं किंवा सुरू करणं आपल्या हातात नाही आणि नसावं. त्या दोन्हींच्या मध्ये खूप मोठी जागा आहे आणि हार्ट फेल्युअरचे पेशंट नेमके त्या जागेत अडकतात. मी आधी एका रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट होतो आणि आता स्वतःचं दुकान चालवतो, म्हणून दोन्हीकडून जे पाहिलं ते सांगतो.

आधी आजाराबद्दल कामापुरतं. हृदयाचा पंप अशक्त झाला की शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, आणि ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. पायावर सूज, चालताना दम, आडवं झाल्यावर घुसमट, हे सगळं त्यातून येतं. इको रिपोर्टमधला ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर चार प्रकारची औषधं आयुष्य वाढवतात. पहिला प्रकार म्हणजे सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, किंवा ते जमत नसेल तर रॅमिप्रिल-एनालाप्रिलच्या किंवा सार्टनच्या गटातलं औषध. दुसरा बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ करणारं औषध, त्यातही बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट. तिसरा स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि चौथा डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. टॉरसेमाइड किंवा फ्रुसेमाइड ही लघवीची गोळी ह्या चारांत येत नाही. ती साठलेलं पाणी काढते, श्वास मोकळा करते, पण आयुष्य वाढवल्याचा पुरावा तिच्यामागे नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

भारतात हा आजार लवकर गाठतो. केरळात २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत पेशंटचं सरासरी वय ६१ च्या आसपास निघालं. पुढे देशभरातल्या ५३ रुग्णालयांची राष्ट्रीय नोंदणी झाली, त्यात १० हजारांहून जास्त पेशंट होते. अ‍ॅडमिट झाल्यापासून ९० दिवसांत सुमारे १४ टक्के पेशंट दगावले, आणि पंप अशक्त असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना गाइडलाइनप्रमाणे पूर्ण औषधं मिळत होती. हे ९० दिवस पेशंट बहुतेक घरीच असतो. ह्या काळात डॉक्टर त्याला एकदा-दोनदा पाहतात, आणि त्याच्या घरचं कोणी ना कोणी आपल्या काउंटरवर चार-पाच वेळा येऊन जातं.

फार्मासिस्टने लक्ष घातल्याने फरक पडतो का, यावर बरंच संशोधन झालंय आणि ते सगळं एकाच सुरात बोलत नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १८१ पेशंटवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार करणाऱ्या टीममध्ये फार्मासिस्ट असलेल्या गटात मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे बिघडण्याच्या ४ घटना घडल्या, दुसऱ्या गटात १६. याउलट इंग्लंडमध्ये २००७ साली २९३ पेशंटवर प्रयोग झाला. डिस्चार्जनंतर फार्मासिस्ट दोनदा घरी जाऊन सगळं समजावून सांगत होते, पण अ‍ॅडमिशन काही कमी झाली नाहीत.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच वर्षी इंडियानापोलिसमध्ये झालेल्या अभ्यासाने. गरीब वस्तीतले ३१४ पेशंट होते. फार्मासिस्टने नऊ महिने सातत्याने पाठपुरावा केला, तेव्हा औषधं नियमित घेण्याचं प्रमाण ७८.८ टक्के राहिलं, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ते ६७.९ होतं. इमर्जन्सी आणि अ‍ॅडमिशनही कमी झाली. मग पाठपुरावा थांबवला. तीनच महिन्यांत पहिला गट ७०.६ वर घसरला आणि दोन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटला. म्हणजे शिकवलेलं टिकत नाही, विचारत राहिलं तर टिकतं. एकदा अर्धा तास बसवून व्याख्यान दिलं आणि काम झालं, असं ह्या आजारात होत नाही. दर महिन्याला पाच मिनिटं, तेच तेच प्रश्न, आणि तेही वर्षानुवर्षं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला हे जमणं अवघड आहे. गावातल्या मेडिकलला जमतं, कारण पेशंट स्वतःच्या पायांनी आपल्याकडे येतो.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं असं कोणी विचारलं तर मी सांगेन, डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, घरातल्या जुन्या गोळ्यांच्या डब्यात. डिस्चार्ज कार्डावर नवी औषधं लिहिलेली असतात. जुनी बंद करायची की नाही, हे बरेचदा लिहिलेलं नसतं. घरचे लोक दोन्ही देतात. त्यांना वाटतं मोठ्या डॉक्टरांनी भर घातलीय.

एक काकू यजमानांची औषधं घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. दुसऱ्या दिवशी त्या घेऊन आल्या. कार्डावर सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ५० दोन वेळा, मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५, टॉरसेमाइड १० आणि स्पायरोनोलॅक्टोन ५० एकत्र असलेली गोळी, आणि डॅपाग्लिफ्लोझिन १०. चिठ्ठी चांगलीच होती. पिशवीत मात्र त्याशिवाय टेल्मिसार्टन ४० होतं, फॅमिली डॉक्टरांनी पूर्वी बीपीसाठी दिलेलं. स्पायरोनोलॅक्टोन २५ ची वेगळी स्ट्रिप होती. शुगरसाठी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी होती. आणि तळाशी डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप, गुडघ्यांसाठी, ‘लागली तर’.

प्रत्येक गोष्ट वेगळी बघा. व्हल्सार्टन आणि टेल्मिसार्टन एकाच गटातले, म्हणजे एकच काम करणारी दोन औषधं. स्पायरोनोलॅक्टोन ५० अधिक २५, एकूण ७५, आणि वर दोन-दोन सार्टन. ह्या सगळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि वाढलेलं पोटॅशियम आधी काही न कळवता हृदयाची लय बिघडवतं. पायोग्लिटाझोन पाणी धरून ठेवतं, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते नको. आपल्याकडे जून २०१३ मध्ये त्यावर बंदी आली होती आणि जुलैअखेर इशाऱ्यासह ती उठली. तरी तिन्ही घटक एकत्र असलेल्या गोळीत ते आहे हे पेशंटला माहीतच नसतं. डायक्लोफेनॅकबद्दल पुढे सविस्तर बोलतो.

मी त्यातलं काहीही स्वतःहून बंद केलं नाही. काकूंसमोर ‘अहो, हे काय दिलंय!’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. पेशंटचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला की तो चारातल्या चांगल्या गोळ्याही सोडतो. मी डॉक्टरांना फोन लावला आणि एका चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या: ‘आपल्या पेशंटकडे डिस्चार्जच्या औषधांबरोबर टेल्मिसार्टन ४०, स्पायरोनोलॅक्टोन २५ (वेगळं) आणि पायोग्लिटाझोन असलेली शुगरची गोळी चालू आहे. पोटॅशियम-क्रिएटिनिन डिस्चार्जनंतर झालेलं नाही. यातलं काय चालू ठेवायचं, कृपया सांगावं.’ सल्ला देणारं एकही वाक्य नाही, फक्त वस्तुस्थिती आणि एक प्रश्न. अशा चिठ्ठीला डॉक्टर चिडत नाहीत. त्याच दिवशी टेल्मिसार्टन आणि जादाचं स्पायरोनोलॅक्टोन बंद झालं, शुगरची गोळी बदलली आणि रक्ततपासणी सांगितली गेली.

अजून एक धोकादायक जोडी ध्यानात ठेवा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन सुरू करताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडू शकतो. जुनी स्ट्रिप घरात शिल्लक असते, म्हणून हे तोंडी सांगून भागत नाही. शक्य असेल तर ती परत मागून घ्या. आणि एक घोळ मिलिग्रॅमचा होतो. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्या आपल्याकडच्या स्ट्रिपवर ५०, १०० आणि २०० असं लिहिलेलं असतं, परदेशी कागदपत्रांत तेच डोस २४/२६, ४९/५१ आणि ९७/१०३ असे असतात. मुलगा दुबई-अमेरिकेत असेल आणि तिकडून व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून विचारत असेल, तर गोंधळ इथून सुरू झालेला असतो.

आता डायक्लोफेनॅक. हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी फार्मासिस्टने एकच गोष्ट करायची असं ठरवलं, तर ती चिठ्ठीशिवाय जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबवणं ही असेल. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब, सगळ्या ह्याच जातीच्या. मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी वाट उघडी ठेवणारी द्रव्यं ह्या गोळ्या कमी करतात. मीठ-पाणी बाहेर पडत नाही, टॉरसेमाइडचा जोर ओसरतो, आणि सार्टन व लघवीची गोळी आधीच चालू असेल तर मूत्रपिंडच बसू शकतं. डायक्लोफेनॅक शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे, तरी आपल्या काउंटरवरून ते ‘अंगदुखीची गोळी द्या’ एवढ्यावर जातं. कोण मागतंय हे बघायचं सोडून आपण स्ट्रिप कापतो. आपल्याच दुकानातून एका हाताने टॉरसेमाइड आणि दुसऱ्या हाताने डायक्लोफेनॅक जात असेल, तर ते थांबवणं आपल्याशिवाय कोणाच्याच हातात नाही, कारण डॉक्टरांना ते कधी कळतच नाही. गुडघा दुखतो हे खरं असतं. त्याला पॅरासिटामॉलची साधी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत, शेक, मलम, आणि तरीही जमत नसेल तर डॉक्टरांकडे. बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांबद्दलही विचारा. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं आणि तेही पाणी धरतं.

काउंटरवर ह्या आजाराचं बिघडणं स्वतःच्या नावाने येत नाही, आणि ह्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त भर द्यायचाय. माणूस म्हणत नाही की माझं हार्ट फेल्युअर वाढलंय. तो म्हणतो, ‘आठ दिवस कोरडा खोकला आहे, सिरप द्या.’ किंवा, ‘रात्री झोप लागत नाही, झोपेची एखादी हलकी गोळी?’ किंवा, ‘पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरतं, गॅसचं काहीतरी.’ खोकला आडवं झाल्यावर वाढतो का? झोप लागत नाही, की झोपल्यावर घुसमटून उठावं लागतं? पोट फुगतंय त्याच आठवड्यात चप्पल घट्ट झालीय का? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय टॉरसेमाइड घेणाऱ्या माणसाला सिरप, झोपेची गोळी किंवा गॅसचं औषध द्यायचं नाही, असा आमच्या दुकानात नियम आहे. पोटातलं पाणी आणि लिव्हरवरची सूज गॅससारखी वाटते. त्यावर फ्रूट सॉल्टची पुडी दिली तर उलटंच होतं, कारण ५ ग्रॅमच्या एका पुडीत ८०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. दिवसभराची मर्यादाच साधारण २००० मिलिग्रॅम आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन, खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध, हेही बीपी वाढवतात. ज्येष्ठमध तर वर पोटॅशियमही पाडतं.

वजनाचं महत्त्व सगळे सांगतात, पण घरात काटा किती जणांकडे असतो? दुकानात एक चांगला वजनकाटा ठेवा आणि ह्या पेशंटसाठी तो फुकट ठेवा. घरी काटा असेल तर सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवरच्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं, डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. काटा नसेल तर दुसऱ्या खुणा शिकवा. बायकांना विचारा, जोडवी रुतायला लागलीत का. पुरुषांना मोज्याच्या वळाबद्दल विचारा. आणि सगळ्यांना, रात्री उशा किती लागतात. गेल्या महिन्यात एक होती आणि आता तीन झाल्या असतील, तर त्यापुढे वेगळं काही विचारायची गरज नाही. बसूनही दम लागतोय, छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडलाय, गुलाबी फेस येतोय, अशा वेळी दुकानात थांबवून प्रश्न विचारत बसू नका, १०८ ला फोन लावा.

औषधं का सुटतात, हे समजून घेतल्याशिवाय ‘नियमित घ्या’ म्हणण्याला अर्थ नाही. लघवीची गोळी घेतली की तासाभरात फरक दिसतो, म्हणून तिच्यावर लोकांचा विश्वास असतो. बाकीच्या चार गोळ्यांचं काम डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पैसे कमी पडले की माणूस लघवीची गोळी घेतो आणि आयुष्य वाढवणारी सोडतो. ‘ह्या वेळी ही महागडी राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू,’ असं वाक्य ऐकलं की थांबा. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचं मूळ पेटंट २०२३ च्या सुरुवातीला संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. आता त्यांचे स्वस्त पर्याय बाजारात आहेत. डॉक्टरांना विचारून तोच घटक, तोच डोस कमी किमतीत द्या. जवळ जनऔषधी केंद्र असेल आणि तिथे ते मिळत असेल तर तेही सांगा. तुमच्या दुकानाचं गिऱ्हाईक जाईल असं वाटेल, पण माणूस औषध घेत राहील हे जास्त महत्त्वाचं.

एक बारीक गोष्ट, जी कोणी फारशी बोलत नाही. काही स्ट्रिप दहाच्या असतात, काही पंधराच्या, काही चौदाच्या. सगळ्या गोळ्या एकाच दिवशी घेतल्या तरी त्या वेगवेगळ्या दिवशी संपतात. पेशंट तीनदा चक्कर मारत नाही, तो सगळं संपेपर्यंत थांबतो. मधल्या आठ-दहा दिवसांत बीटा ब्लॉकर बंद असतं. ह्या पेशंटच्या गोळ्या मोजून द्या, सगळ्या एकाच तारखेला संपतील अशा, आणि ती तारीख पाकिटावर लिहा. त्या तारखेला कोणी आलं नाही तर तिसऱ्या दिवशी फोन करा. जर्मनीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३७ वयस्कर पेशंटना गावातल्या फार्मसीतून आठवड्याच्या खणांच्या डब्यात औषधं भरून दिली गेली आणि ती नियमित घेण्याचं प्रमाण खरोखर वाढलं. आपल्याकडे तसा डबा शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. भरून देणं शक्य नसेल तर सुनेला किंवा नातवाला एकदा भरायला शिकवा.

लघवीची गोळी सुटते ती वेगळ्या कारणाने. लग्नाला जायचंय, एसटीने चार तास प्रवास आहे, वाटेत सोय नाही, म्हणून सकाळची गोळी गाळली जाते. बायकांच्या बाबतीत तर हे फारच. ‘गाळू नका’ असं नुसतं म्हटलं तर ऐकणार नाहीत. डॉक्टरांच्या संमतीने वेळ सरकवता येते, पोहोचल्यावर दुपारी घेता येते, चारच्या पुढे मात्र नको, नाहीतर रात्रभर उठावं लागतं.

बीटा ब्लॉकर सुटतं ते पहिल्या काही आठवड्यांच्या थकव्याने. त्या वेळी, ‘हे होतं, हळूहळू कमी होतं, एकदम बंद केलं तर मात्र नाडी उसळते,’ एवढं कोणीतरी सांगावं लागतं. आणि बीपी १०० दिसलं की घाबरून गोळ्या बंद केल्या जातात. दुर्दैवाने आपल्यातलेच काही जण बीपी मोजून देतात आणि ‘लो आहे, आज गोळी नको’ म्हणतात. ह्या पेशंटमध्ये बीपी कमी राहणं अपेक्षित असतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, चक्कर नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवायची नाही. आणि डोस वाढवत नेणं हाच उपचाराचा भाग आहे, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा, म्हणजे २५ चं ५० झालं की ‘तब्येत बिघडली वाटतं’ असा धसका तो घेणार नाही.

रक्ततपासणीबद्दल. स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात हे १९९९ च्या रेल्स अभ्यासाने दाखवलं. त्यानंतर कॅनडातल्या ओंटारिओत ते भराभर लिहिलं जाऊ लागलं आणि पोटॅशियम वाढून अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये ११ वर गेलं. औषध तेच होतं, लक्ष ठेवणं कमी पडलं. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण एक आठवड्याने आणि मग चार आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) व्हायला हवं. तारीख उलटली असेल तर रिपोर्ट मागा. पोटॅशियम ५.५ च्या वर दिसलं तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. ‘बीपीवाल्यांसाठीचं’ म्हणून विकलं जाणारं लो सोडियम मीठ बहुधा पोटॅशियम क्लोराइडचं असतं, ते ह्यांना चालत नाही. रोजचं नारळपाणी, मूतखड्यासाठीचं पोटॅशियम सिट्रेटचं सिरप, लघवीच्या इन्फेक्शनसाठीचं को-ट्रायमोक्साझोल, हेही त्याच यादीत. आणि सैंधव हेसुद्धा मीठच आहे, उपवासाला चालतं म्हणून हृदयाला चालतं असं नाही. पापड, लोणचं, सुकट, फरसाण ह्यांबद्दल एकदम सगळं बंद करा म्हणू नका. घरात सगळ्यात जास्त खारट काय खाल्लं जातं ते विचारा आणि आधी तेवढंच कमी करायला सांगा.

डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन बहुतेकांना शुगरची गोळी वाटते. शुगर नसलेला पेशंट पाकिटावरचं वाचून ती बंद करतो, म्हणून ‘ही तुमच्या हृदयासाठी आहे’ हे पाकिटावर लिहूनच द्या. लघवीतून साखर जाते, त्यामुळे खाज-बुरशी होऊ शकते, स्वच्छता ठेवायला सांगा, लाजून गोळी सोडू नका म्हणावं. नवरात्राचे कडक उपवास, जुलाब-उलट्या, ऑपरेशन, अशा वेळी ही गोळी थांबवावी लागू शकते. डायबिटीस असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर जास्तच काळजी. उन्हाळ्यात जुलाब झाले की लघवीची गोळी, सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन सगळंच अंगावर येतं, म्हणून त्या दिवशी ओआरएसची पुडी देण्याआधी डॉक्टरांशी बोलायला लावा.

डिगॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध आता कमी दिसतं, पण ज्यांना चालू आहे त्यांचं नीट बघा. आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार नाही, अशी पद्धत आपल्याकडे रूढ आहे. कोणते दोन दिवस सुट्टी, हे घरात दोघांना वेगवेगळं माहीत असतं. मळमळ, भूक मरणं, दिसायला पिवळसर वाटणं ही त्याच्या विषबाधेची लक्षणं. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून आलं तर देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, त्याने रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, ह्या सगळ्याला वेळ कुठून काढायचा. संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत हे होणार नाही, प्रयत्नही करू नका. ज्यांना टॉरसेमाइड किंवा फ्रुसेमाइड नियमित जातं त्यांची यादी बिलिंगच्या कॉम्प्युटरमधून काढा. बीपी-किडनीवाले वगळले की तुमचे हार्ट फेल्युअरचे पेशंट हाताशी येतात. प्रत्येकाला दुपारी दोन ते चारमध्ये महिन्यातली एक तारीख द्या. एका वहीत प्रत्येकाचं एक पान: वजन, उशा, सूज, चालू औषधं, शेवटचं पोटॅशियम-क्रिएटिनिन आणि त्याची तारीख, डॉक्टरांचा नंबर. काउंटरवरच्या मुलाला एवढंच शिकवा, की ह्या यादीतलं कोणी दुखण्याची, खोकल्याची, झोपेची किंवा गॅसची गोळी मागायला आलं तर तुम्हाला हाक मारायची. त्या आजोबांचं पान आधी उघडा, त्यांच्या घरच्यांना फोन करा, आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, आसव-अरिष्टं आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या पुड्यासुद्धा घेऊन या म्हणावं.